लॉक नट घ्यायचेत? आधी आटे बघा, कुलपाचं नंतर

पत्र असं आलंय:

"नमस्कार, मी नाशिकला राहतो. २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. दिवाळीत हौसेने पंधरा इंची मॅग व्हील टाकून घेतले, स्टेपनी मात्र कंपनीचीच, पत्र्याची. गेल्या आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमधली एक गाडी सकाळी विटांवर उभी दिसली, चारही चाकं गायब. तेव्हापासून बायको म्हणते की लॉक नट लाव नाहीतर जुनी चाकं परत बसव. टायरवाल्याकडे सातशेला चार नटांचा सेट आहे, तो म्हणतो सगळ्या गाड्यांना चालतो. ऑनलाइन बघितलं तर चार हजारापर्यंतचे पण आहेत. फरक काय, आणि नेमका कुठला घेऊ? रात्री हायवेला पंक्चर झालं आणि ती किल्लीच सापडली नाही तर काय, ही पण भीती आहे. माझ्या मेव्हण्याकडे पोलो आहे, त्याला पण त्यातलाच एक सेट घेऊन टाकू का?
एक स्विफ्टवाला"

नमस्कार दादा,

"सगळ्या गाड्यांना चालतो" असं कुणी व्हील नटबद्दल म्हणालं की त्याच्याकडून तो नट घ्यायचा नाही, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथेच झालं. तो टायरवाला वाईट माणूस आहे असं नाही, त्याच्याकडे जो सेट पडलाय तो त्याला खपवायचाय एवढंच. पण चाक धरून ठेवणारी वस्तू आहे ती, आणि तुम्ही ती घेताय चोराच्या भीतीने, त्यामुळे डोक्यात फक्त कुलूपच आहे, नट म्हणून ती बरोबर आहे का हे बघायचं राहूनच जातं. लॉक नट आधी नट असतो आणि मग लॉक. चोर येईल तेव्हा येईल, गाडी तर तुम्ही रोज चालवणार आहात.

तर पहिली गोष्ट आटे. तुमच्या स्विफ्टच्या हबवर, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं तिथे, जे स्टड (नट लावायचे आटेवाले दांडे) आहेत ते १२ एमएमचे आणि त्यावरचे आटे १.२५ चे, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत सव्वा मिलिमीटर. पाकिटावर हे १२ × १.२५ असं लिहिलेलं असतं. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना हेच, निसानला पण हेच. पण ह्युंदाई, किया, होंडा, टोयोटा यांच्या बहुतेक गाड्यांचे आटे १२ × १.५ चे, आणि बाजारात ढिगाने मिळतो तो माल पण बराचसा १.५ चाच, त्यामुळे "सगळ्या गाड्यांना चालतो" चा सेट १.५ चा निघायची शक्यता चांगलीच आहे. गंमत अशी की १.५ चा नट तुमच्या स्टडवर सुरुवातीला लागतो पण. एक-दोन फेरे हाताने जातो, मग अडकतो, आणि दुकानातला पोरगा म्हणतो नवीन आहे ना, टाईट आहे जरा, आणि गन (नट आवळायचं मशीन) लावतो. गनला काय, ती फिरवतेच. नट बसलेला दिसतो, आत आटे सोलून निघालेले असतात, आणि पुढच्या वेळी चाक काढताना नटाबरोबर स्टडच फिरतो किंवा तुटतो. म्हणून नियम एकच, नवीन नट स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना न लावता, कण्हत-कुंथत नाही तर सरळ. अडकला की काढायचा आणि परत करायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कुणीच विचारत नाही, ती म्हणजे नट चाकाला जिथे टेकतो ती बैठक. हे तीन प्रकारचं असतं. एक निमुळती, शंकूसारखी, ६० अंशाची, जी मारुतीला आणि बाहेरून घेतलेल्या जवळजवळ सगळ्या मॅगना, म्हणजे अलॉय चाकांना, असते. दुसरी गोल, म्हणजे चेंडूचा तुकडा कापल्यासारखी, होंडाच्या कंपनी चाकांना ही असते आणि फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, मर्सिडीजला पण. तिसरी सपाट, वॉशर लावलेली, टोयोटाच्या बऱ्याच कंपनी अलॉयना पूर्वीपासून ही येते. आता गोल बैठकीचा नट निमुळत्या भोकात घातला की तो बसल्यासारखा वाटतो पण टेकलेला असतो एका बारीक रेघेवर, सगळा दाब त्या रेघेवर, अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, ते दबतं, आणि चारशे-पाचशे किलोमीटरनंतर तोच नट सैल लागतो. होंडा सिटीवाले लोक बाहेरचे मॅग टाकतात आणि नट जुनेच ठेवतात, तिथे नेमकं हेच होतं.

चाक हबला धरून ठेवतं ते स्टडच्या ताकदीवर लटकून नाही. नट आवळला की स्टड अगदी थोडा ताणला जातो, रबरासारखा नाही पण ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाक हबवर इतकं दाबलं जातं की दोघांमधल्या घर्षणावरच सगळं चालतं. ताण गेला की चाक हबवर किंचित हलायला लागतं, मग स्टडला दर फेरीला धक्के बसतात, आणि मग ते तुटतात. तुमच्या बाबतीत अजून एक भर आहे. स्विफ्टच्या हबचा मधला गोल ५४.१ एमएमचा, कंपनीचं चाक त्यावर फिट बसतं, पण बाहेरच्या मॅगचं मधलं भोक बरेचदा मोठं ठेवलेलं असतं म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली जागा भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग टाकतात, आणि ती टाकली नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम पूर्ण नटाच्या त्या निमुळत्या बैठकीवर येतं. दिवाळीत बसवले तेव्हा रिंग टाकल्या होत्या का ते विचारा त्याला. ८०-९० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरत असेल आणि बॅलन्सिंग करूनही जात नसेल तर बहुतेक टाकलेल्या नाहीत.

तिसरं, लांबी. लॉक नट बहुतेक बंद तोंडाचे असतात, टोपीसारखे. स्टड लांब असेल आणि नट आतून उथळ असेल तर स्टडचं टोक नटाच्या तळाला जाऊन टेकतं, पाना एकदम घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं झालं, आणि चाक तर दाबलंच गेलेलं नसतं. हे फार वाईट, कारण हाताला सगळं बरोबर वाटतं. उलट मॅगची जाडी पत्र्याच्या चाकापेक्षा खूप जास्त असते, त्यामुळे स्टडचा नटात जाणारा भाग कमी उरतो. साधारण हिशोब असा की स्टडची जेवढी जाडी तेवढी लांबी तरी नटात गेली पाहिजे, म्हणजे १२ एमएम, आणि सव्वाच्या आट्यांनी त्याचे साडेनऊ फेरे होतात. नट बोटांनी फिरवताना मोजा. नऊ-दहा फेरे होऊन चाकाला टेकला तर बरं. पाच-सहा फेऱ्यांत टेकला तर प्रश्न लॉक नटचा नाही, चाकच चुकीचं आहे किंवा चाक आणि हबच्या मध्ये कुणीतरी स्पेसर, म्हणजे जाड चकती, घातलाय.

आणि स्टेपनी! तुमची स्टेपनी पत्र्याची आहे असं लिहिलंत ते बरं केलंत. पंक्चर झालं की हेच लॉक नट त्या पत्र्याच्या चाकावर पण बसले पाहिजेत. स्विफ्टच्या पत्र्याच्या चाकाची बैठक पण निमुळतीच आहे त्यामुळे तुमचं जमेल, पण घरी एकदा स्टेपनी लावून बघाच, रात्री रस्त्यावर पहिल्यांदा बघायला नको. पत्रा पातळ असतो, तिथे स्टड नटात जास्त आत जातो, म्हणजे वर सांगितलेलं ते तळाला टेकणं होणार असेल तर ते मॅगवर नाही, स्टेपनीवर होईल. आणि ज्यांची बैठक मॅगला एक आणि स्टेपनीला दुसरी असते त्यांनी स्टेपनीसाठी चार साधे नट डिकीत ठेवायचे, दुसरा इलाज नाही.

हे सगळं जमलं की मग कुलूप.

सातशे आणि चार हजारातला फरक बराचसा इथे आहे. लॉक नटच्या डोक्यावर षटकोन नसतो, एक वाकडीतिकडी खाच असते, फुलासारखी किंवा लाटेसारखी, आणि तीच नक्षी उलटी असलेली किल्ली त्यात बसते, किल्लीच्या दुसऱ्या टोकाला षटकोन असतो त्यावर तुमचा नेहमीचा पाना. स्वस्त सेटमध्ये नक्ष्या मोजक्याच असतात, कधी कधी तर एकच, म्हणजे तुम्ही ज्या दुकानातून घेतला तिथूनच चोराने पण एक सेट घेतला की त्याच्याकडे तुमची किल्ली आली. काही तर नुसते बाहेरून खाचा असलेले बारीक नट असतात, रंगीत, लाल-निळे, ते दिसायला छान पण त्याची किल्ली कुठेही सुटी मिळते, तो लॉक नाहीच. चांगल्या कंपन्या खूप नक्ष्या ठेवतात आणि प्रत्येक सेटला एक कोड देतात, किल्ली हरवली तर तो कोड कळवून दुसरी मागवता येते. अमेरिकेतली मॅकगार्ड या धंद्यातलं जुनं नाव आहे, गाड्यांच्या कंपन्यांना पण ते माल देतात. त्यांचाच घ्या असं माझं म्हणणं नाही, पण जो घ्याल त्यात कोडचं कार्ड आहे का आणि त्या कोडवर किल्ली परत मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा. कार्ड नसेल तर तो सातशेचा असो की दोन हजाराचा, माझ्या लेखी एकच.

दुसरा फरक स्टीलचा. चोर किल्ली शोधत बसत नाही, तो एक जुनी गोटी (पान्याचं सॉकेट) घेतो, नटाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, हातोड्याने ठोकून बसवतो आणि पान्याने फिरवतो. नट मऊ असेल तर गोटी त्यात रुतते आणि नट निघतो, तुमचे सातशे गेले. वरून कडक केलेल्या स्टीलवर गोटी घसरते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नटाभोवती सुटी फिरणारी बाहेरची टोपी, गोटी ठोकली तर ती टोपीच गोल गोल फिरते आणि आतला नट जागचा हलत नाही. हा प्रकार चोराला सगळ्यात जास्त वैताग देतो. पण याच्यात एक मेख आहे, त्या टोपीमुळे नट जाड होतो, आणि मॅगमधली नटाची भोकं जर अरुंद असतील तर तो आत जातच नाही किंवा गेला तर किल्ली जात नाही. त्यामुळे घेण्याआधी एका भोकाचा व्यास साध्या पट्टीने मोजून ठेवा. हलके म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे नट विकतात ते रेसवाल्यांना राहू द्या, आपण स्टीलच घ्यायचं.

किती घ्यायचे? चाकाला एक, चारचा सेट, पुरे. सोळाच्या सोळा लॉक नट लावणारे लोक आहेत, त्यांना वाटतं चौपट सुरक्षित. चोराला चाकावरचा एक नट जरी निघाला नाही तरी चाक निघत नाही, आणि किल्ली खराब झाली तर तुम्हाला एकाऐवजी सोळा नट फोडायचेत. थारसारखी स्टेपनी मागच्या दारावर असेल तर तिला पाचवा घ्यायचा, तुमची डिकीत आहे, गरज नाही.

चोरी थांबेल का याचं सरळ उत्तर म्हणजे वेळ लागेल, आणि बहुतेकदा तेवढंच पुरतं. चोराला चार चाकं मिनिटांत काढायची असतात, तुमच्या चाकावर वेगळा नट दिसला की तो शेजारची गाडी बघतो (शेजाऱ्याला हे सांगू नका). पण स्विफ्टचेच मॅग का उचलतात हे पण समजून घ्या. चार नट आणि १०० एमएमचं वर्तुळ, बाजारात त्याला ४ × १०० म्हणतात, हे माप स्विफ्ट, डिझायर, बलेनो, आय२०, सिटी, अमेझ, ग्लान्झा इतक्या सगळ्या गाड्यांचं आहे, म्हणजे चोरलेलं चाक विकायला गिऱ्हाईक लगेच मिळतं. त्यामुळे लॉक नट लावून निवांत न होता गाडी लावताना एक बाजू भिंतीला किंवा खांबाला इतकी चिकटवा की पाना फिरवायला जागाच उरणार नाही. दोन चाकं तशीच वाचली, आणि दोनच चाकं नेण्यात चोराला फार रस नसतो. फुकट आहे हे.

आता तुमची भीती, किल्लीची. ही भीती बरोबर आहे, माझ्या मते चोरापेक्षा जास्त त्रास लोकांना किल्लीनेच होतो. किल्ली हरवते ती घरी नाही, टायरवाल्याकडे हरवते. तो चाक काढतो, किल्ली गोटीत अडकलेली राहते, तुम्ही पैसे देऊन निघता, आणि आठ-दहा हजार किलोमीटरनी टायर अदलाबदल करायच्या वेळी आठवण येते. म्हणून टायरवाल्याकडून निघताना पेट्रोल पंपावर हवा बघता तशी किल्ली बघायची. ठेवायची कुठे यावर लोक फार डोकं लावतात, कुणी घरी कपाटात ठेवतो, कुणी बायकोच्या पर्समध्ये. अहो गाडीतच ठेवा. जॅक आणि पान्याच्या पिशवीत, स्टेपनीजवळ, त्याच जागी कायम. चाक चोरणारा काच फोडून किल्ली शोधत बसत नाही, आणि जो गाडीच्या आत शिरलाय त्याला चाकांची काय पडलीय. सर्व्हिसिंगला देताना अ‍ॅडव्हायझरला सांगून जॉब कार्डवर लिहून घ्या की लॉक नटची किल्ली गाडीत आहे, नाहीतर ब्रेक बघायला चाक काढताना तिथला पोरगा गोटी ठोकून मोकळा होतो. कोडच्या कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये, आणि सेटमध्ये दोन किल्ल्या आल्या तर दुसरी घरी.

एक छोटी गोष्ट आहे पण रात्रीच्या वेळी हीच नडते. किल्लीचा षटकोन किती एमएमचा आहे? मारुतीच्या गाडीतला पाना साधारण १९ चा असतो, ह्युंदाई-टोयोटाचा २१ चा. किल्ली २१ ची आली आणि गाडीतला पाना १९ चा, तर कसारा घाटात उभं राहून किल्ली हातात असूनही उपयोग शून्य. काही किल्ल्यांना दोन मापं असतात, वर १९ आणि खाली २१, तशी मिळाली तर उत्तम. दुकानात जाताना गाडीतला पाना खिशात... म्हणजे हातात घेऊन जा आणि किल्लीवर बसवूनच बघा.

समजा सगळं करूनही किल्ली नाहीच सापडली, तर घाबरून जाऊ नका, नट निघतो. वर्कशॉपमध्ये उलट्या आट्यांच्या गोट्या असतात, त्या नटाच्या डोक्यावर उलट्या दिशेने रुतत जातात आणि नट बाहेर येतो. ते नाही जमलं तर डोक्यावर साधा नट वेल्डिंग करून फिरवतात, पण मॅगच्या जवळ वेल्डिंग म्हणजे रंग जळणार, टायरजवळ गरम होणार, चांगला माणूस असेल तरच करू द्या. ड्रिल मारणं शेवटचा उपाय आणि बाहेरची टोपी फिरणारा असेल तर यातलं प्रत्येक काम जास्त वेळखाऊ. म्हणजे चोराला जो त्रास तोच तुम्हाला, हे धरूनच चालायचं.

बसवताना गन अजिबात नाही, एवढं एक माझं ऐकाच. साधे तीन नट त्याला हवे तसे लावू दे, लॉक नट हातानेच. गनचे धक्के त्या नक्षीच्या बारीक कडांवर बसतात, कडा उडतात किंवा किल्लीला चीर जाते, आणि हे लगेच कळत नाही, पुढच्या वेळी किल्ली घसरते तेव्हा कळतं. चाक जॅकवर असताना चारही नट बोटांनी, मग समोरासमोरच्या जोड्या करून पान्याने थोडे थोडे, गाडी खाली, आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावला ते सांगणाऱ्या पान्याने, शेवटचं. स्विफ्टला १०० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा घ्या की हात पकडतो ती जागा नटापासून २५ सेंटिमीटरवर असेल तर तिथे साधारण ४० किलोचा जोर झाला. आपल्याकडे पान्यावर उभं राहून उड्या मारायची पद्धत आहे, सत्तर किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर नुसता उभा राहिला तरी दोनशेच्या पुढे जातो, म्हणजे दुप्पट, आणि स्टड ताणला तो ताणला, परत येत नाही. आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका, तेलकट आट्यांवर तोच टॉर्क लावला तरी स्टड जास्त ताणला जातो. ब्रशने घासून कोरडे ठेवा, बस. ५०-१०० किलोमीटर चालवून एकदा परत सगळे नट बघा, हे नवीन मॅगला तर हवंच. लॉक नट व्हॉल्व्हच्या शेजारच्या भोकात लावला तर अंधारात मोबाईलच्या उजेडात लगेच सापडतो.

पॉलिसीचं पण बघून घ्या. नंतर बाहेरून टाकलेले मॅग गाडीच्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत, नॉन इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून त्यांची किंमत लिहून घ्यावी लागते, थोडा प्रीमियम वाढतो. बिल जपून ठेवा. शेजाऱ्यांना मात्र सांगा, एफआयआर केला नसेल तर आधी तो करा, नाहीतर कंपनी दारात पण उभं करणार नाही.

म्हणजे दुकानात मागताना असं मागा: १२ × १.२५, ६० अंशाची निमुळती बैठक, स्टीलचा, बंद तोंडाचा असेल तर आतून पुरेसा खोल, चारचा सेट, कोड कार्डासकट, किल्ली १९ च्या पान्याला बसणारी. ऑनलाइन घेत असाल तर यातलं काही पानावर लिहिलेलंच नसेल आणि नुसतं "युनिव्हर्सल फिट" असेल तर पुढे जा. सातशेच्या सेटमध्ये हे सगळं निघालं तर सातशेचा घ्या की, माझं काही म्हणणं नाही, पण नाही निघणार. आणि बजेट अगदीच नसेल तर चुकीचा लॉक नट लावण्यापेक्षा आहेत ते साधे नट राहू द्या आणि गाडी भिंतीला लावा. बायकोचा जुनी चाकं परत बसवायचा पर्याय पण तसा वाईट नाही बरं का, पत्र्याची चाकं सहसा कुणी चोरत नाही आणि खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होतात. पण हौस आहे तुमची, मी कोण बोलणारा.

मेव्हण्यांच्या पोलोला मात्र तुमच्यातला एक पण चालणार नाही. पोलोला नट नसतातच, बोल्ट असतात, स्टड हबमध्ये नसून बोल्टच चाकातून हबमध्ये जातो. १४ × १.५ चा, गोल बैठकीचा, १७ चा पाना, टॉर्क १२०. बोल्टमध्ये बैठकीपासून टोकापर्यंतची लांबी बघायची, कंपनीच्या बोल्टला पट्टी लावून तेवढीच, कारण लांब झाला तर हबच्या मागे बाहेर निघून आतल्या भागाला घासतो आणि आखूड झाला तर पुरेसे आटे धरत नाही. पण खरेदीच्या आधी त्यांना डिकीतली टूलकिट उघडून बघायला सांगा. फोक्सवॅगनच्या अलॉयवाल्या बऱ्याच गाड्यांना दर चाकाला एक अँटी थेफ्ट बोल्ट (चोरी रोखणारा, लॉकवाला) कंपनीतूनच आलेला असतो, वरून काळ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्या टोप्या ओढायचा तारेचा हूक किंवा चिमटा किटमध्ये असतो, त्याने चारही चाकांच्या सगळ्या टोप्या काढा, एक बोल्ट वेगळा दिसला तर तोच. मग नवीन काही घ्यायचं नाही, फक्त किल्ली किटमध्ये आहे का बघायचं, त्यावर कोड कोरलेला असतो, तो लिहून ठेवायचा. गाडी सेकंड हँड घेतली असेल आणि किल्ली नसेल तर डीलरकडे वेगवेगळ्या नक्ष्यांच्या किल्ल्यांचा संच असतो, त्यातली लावून बोल्ट निघतात. हे पंक्चर व्हायच्या आधी करून घ्यायला सांगा.